टाच टेकल्यापासून ट्रेडमिलचा पट्टा थांबायला लागेपर्यंत कधी ७०, कधी २७० मिलिसेकंद. उशीर नेमका कुठे होतोय?

पायवाट_कोल्हापूर

नमस्कार मंडळी,

मी फिजिओथेरपिस्ट. कोल्हापुरात चार वर्षं हाडांच्या दवाखान्यात काम केलं, आता अमेरिकेत माणसाच्या चालण्यावर पीएचडी करतेय. प्रोग्रामिंग इथे आल्यावर शिकले, तेव्हा कुठे शब्द चुकला तर सांभाळून घ्या आणि सांगा.

विषय असा: वयस्कर माणूस घसरतो तेव्हा पहिल्या अर्ध्या सेकंदात तो स्वतःला कसा सावरतो, किंवा का सावरू शकत नाही. माझी आजी मोरीत घसरली, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन चांगलं झालं, पण त्यानंतर ती अंगणाच्या पलीकडे कधी गेली नाही. दवाखान्यात अशा आज्या रोज यायच्या. म्हणून हा विषय घेतला.

यंत्र म्हणजे दोन पट्ट्यांची ट्रेडमिल. डावा पाय डाव्या पट्ट्यावर, उजवा उजव्या. दोन्हीखाली फोर्स प्लेट (पायाचा जोर मोजणारी पाटी), सेकंदाला १००० नोंदी. माणूस १.२ मीटर प्रति सेकंद वेगाने चालतो, अंगात हार्नेस, हार्नेसचा दोर वर तुळईला. एका ठरलेल्या पावलाला उजवी टाच टेकली की उजवा पट्टा एकदम थांबवायचा. वेग १.२ वरून शून्यावर १५० मिलिसेकंदांत येतो. पट्टा मागे जायचा थांबला की पाय पुढेच राहतो आणि माणसाला पाय पुढे सटकल्यासारखं होतं. ओल्या फरशीवर होतं तसंच.

पट्ट्याला हुकूम देतो माझा मॅटलॅबमधला (ही एक प्रोग्रामिंगची भाषा) प्रोग्राम. ट्रेडमिलचा स्वतःचा वेगळा संगणक आहे, त्यावर पॅनेल, म्हणजे पट्टे चालवणारा प्रोग्राम, चालतं. मी नेटवर्कवरून टीसीपीने (संगणकांमधल्या देवाणघेवाणीची एक पद्धत) त्याला ६४ बाइटचं पॅकेट पाठवते. त्यात दोन्ही पट्ट्यांचे वेग (मिलिमीटर प्रति सेकंदात), वेग बदलायचा दर, चढ, मग तेच सगळे बाइट, प्रत्येक बिट उलटा (० चा १, १ चा ०) करून, पडताळणीसाठी, आणि उरलेल्या जागी शून्यं. पट्ट्याचा चालू वेग मी दुसऱ्या कनेक्शनवरून परत वाचते. मूळ कोड आमच्या लॅबमधून बाहेर पडलेल्या एका विद्यार्थ्याचा आहे. टिपणं नाहीत.

आता अडचण. पट्ट्यावर चकाकत्या टेपचे तुकडे चिकटवून मोशन कॅप्चरच्या कॅमेऱ्यांनी (सेकंदाला २०० फ्रेम) पट्टा खरोखर कधी मंदावतो ते मोजलं. टाच कधी टेकली ते फोर्स प्लेटच्या कच्च्या नोंदींवरून काढलं. लॅबमधल्याच लोकांवर ४० वेळा केलं. टाच टेकल्यापासून पट्टा मंदावू लागेपर्यंतचा वेळ असा:

७० ते ११० मिलिसेकंद: ८ वेळा
११० ते १५०: ७ वेळा
१५० ते १९०: ९ वेळा
१९० ते २३०: ८ वेळा
२३० ते २७०: ८ वेळा

हे मला का चालत नाही ते सांगते. या वेगाला एका पायाचं पूर्ण चक्र साधारण १.१ सेकंदाचं. त्यातला सुरुवातीचा दहा-बारा टक्के वेळ, म्हणजे १२० मिलिसेकंदांच्या आसपास, दोन्ही पाय खाली असतात. पट्टा ७० ला थांबायला लागला तर डाव्या पायाचा अजून आधार आहे. २७० ला लागला तर डावा पाय हवेत आहे आणि सगळा भार उजव्यावर. या दोन वेगवेगळ्या घसरणी आहेत. एकाच रकान्यात टाकायला माझं मन घेत नाही.

केबल बदलली, वाय-फाय बंद केलं, अँटिव्हायरस बंद केला, नवीन संगणक मागून घेतला. फरक शून्य.

अजून एक विचित्र गोष्ट. परत वाचलेला पट्ट्याचा वेग सुरुवातीला बरोबर असतो, पण दहा मिनिटांनी तो जवळजवळ ६ सेकंद मागे पडलेला असतो. पट्टा थांबून माणूस सावरून पुन्हा चालायला लागलेला असतो, आणि माझ्या स्क्रीनवर पट्टा अजून जुन्याच वेगाने पळतोय. दोन्हींचं मूळ एकच आहे का?

कोडकर_८८

मॅटलॅब रिअल-टाइमसाठी नाहीच. सगळं सी++ मध्ये लिहून घ्या, उशीर जाईल.

भोसरी_ड्राइव्हवाला

ताई, भाषा बदलायची घाई करू नका. मी वीस वर्षं सर्व्हो ड्राइव्ह आणि कन्व्हेअर चालू करून देतोय. ट्रेडमिलवर माणूस असतो, माझ्याकडे पुठ्ठ्याचे खोके असतात, पण पट्टा तो पट्टाच.

तुमच्या आकड्यांत मला एक गोष्ट दिसली. संगणक दमतोय म्हणून उशीर होत असता तर बहुतेक वेळा ८०-९० आला असता आणि मधेच एखादा २०० किंवा ४०० चा झटका. तुमचे आकडे तसे नाहीत. ७० ते २७० सगळीकडे सारखे पसरलेत. आठ, सात, नऊ, आठ, आठ. बरोबर २०० च्या पट्टीत, सपाट. म्हणजे कुठेतरी दर २०० मिलिसेकंदांनी दार उघडतंय. तुमचा हुकूम दाराशी कधी पोचतो त्यावर थांबायचं किती ते ठरतं. एसटी अर्ध्या तासाने असेल आणि आपण वेळापत्रक न बघता स्टँडवर गेलो तर जसं होतं, तसं.

दोन प्रश्न. एक, घसरवायच्या हुकमाशिवाय त्या कनेक्शनवरून आणखी काय पाठवता? दोन, फोर्स प्लेटचा सिग्नल टाच ओळखण्याआधी फिल्टरमधून जातो का, कोणत्या?

आणि तिसरा, तो उशिराशी संबंधित नाही: लाल बटण कुठे जोडलंय? त्याची वायर थेट ड्राइव्हला जाते, की तुमच्या प्रोग्रामला?

पायवाट_कोल्हापूर

दादा, तुमचं वाचून लगेच कोड उघडला.

पहिल्याचं उत्तर: हो. दर २० मिलिसेकंदांनी चालू वेगाचं पॅकेट पुन्हा पुन्हा जातं. टिपण नव्हतं, पण कोडमध्ये त्या ओळीवर ‘जिवंत आहे’ असं नाव दिलंय. माझा प्रोग्राम बंद पडला तर पॅनेलला कळावं आणि त्याने पट्टा हळूहळू थांबवावा, यासाठी असावं.

दुसऱ्याचं: दुसऱ्या ऑर्डरचा बटरवर्थ (सिग्नलमधली थरथर गाळणारा फिल्टर), कटऑफ (याहून जलद ते गाळायचं) ६ हर्ट्‌झ. मार्करसाठी (कॅमेऱ्यांना दिसणाऱ्या चकाकत्या खुणांसाठी) वापरतो तोच इथे उचललेला दिसतोय.

तिसरं: लाल बटण थेट ट्रेडमिलच्या ड्राइव्हच्या कपाटाला. एक माझ्या टेबलावर, एक पट्ट्याशेजारच्या कठड्यावर. हार्नेसच्या दोरालाही एक स्विच आहे, दोरावर माणसाचं वजन आलं की पट्टे थांबतात. यातलं काहीच सॉफ्टवेअरमधून जात नाही. हे मी पहिल्याच आठवड्यात स्वतः वायर हातात धरून बघितलं, कारण पहिल्याच दिवशी एक प्रसंग झाला होता. पॅकेट बनवणारा भाग मी स्वतः नव्याने लिहून पाहत होते आणि बाइटचा क्रम उलटा पडला. १२०० म्हणजे सोळाच्या पद्धतीत ०४ बी०. तो गेला बी० ०४. यंत्राने वाचला उणे २०४७६, म्हणजे उलट्या दिशेने सेकंदाला वीस मीटर! पडताळणीचे बाइटही मी त्याच उलट्या आकड्यावरून काढलेले, म्हणून पडताळणीत ते पॅकेट बिनबोभाट पास झालं. पॅनेलमध्ये कमाल वेगाची मर्यादा घातलेली होती म्हणून पट्टा एक हिसका देऊन थांबला. पट्ट्यावर कोणी नव्हतं. तरी तो आवाज माझ्या कानात अजून आहे.

भोसरी_ड्राइव्हवाला

सापडलं. आणि लाल बटणाचं ऐकून बरं वाटलं. पडताळणीचे बाइट फक्त एवढंच सांगतात की वाटेत काही बिघडलं नाही. मुळात पाठवलं तेच चुकीचं असेल तर त्यांना काय कळणार? म्हणून मर्यादा यंत्राच्या बाजूला हवी. तुमच्या कोडमध्येही ठेवा, पण भिस्त तिच्यावर नको.

आता दार कोणतं ते. टीसीपीमध्ये नेगलचा अल्गोरिदम म्हणून एक सोय असते. जॉन नेगल यांनी १९८४ मध्ये मांडली. तेव्हा दूरच्या संगणकावर टाइप करताना एकेक अक्षर वेगळं जायचं, १ बाइटच्या अक्षरामागे ४० बाइटचं हेडर. नेटवर्क त्यानेच तुंबायचं. म्हणून नियम असा, की छोटं पॅकेट पाठवलं आणि त्याची पोच (‘मिळालं’ असा निरोप) अजून आली नसेल, तर पुढची छोटी पॅकेटं साठवून ठेवायची. पोच आली की एकत्र सोडायची.

नियम चांगला आहे. पण समोरच्या टोकाला दुसरा एक नियम आहे: पोच लगेच पाठवायची नाही. आपल्यालाही काही पाठवायचं असेल तर त्याच्याच पाठीवर पोच घालू, म्हणून थोडं थांबायचं. विंडोजवर हे थांबणं २०० मिलिसेकंदांपर्यंत जातं. तुम्ही वेग परत वाचायला वेगळं कनेक्शन केलंय, त्यामुळे या कनेक्शनवरून पॅनेलकडून तुमच्याकडे काहीच येत नाही. पोचेला पाठ मिळत नाही, ती पूर्ण २०० थांबते.

म्हणजे होतं काय? एक ‘जिवंत आहे’ गेलं. पोच नाही. पुढची नऊ-दहा तुमच्याच संगणकात रांगेत उभी. त्या रांगेत मधेच तुमचा घसरवायचा हुकूम येतो आणि गुपचूप शेवटी उभा राहतो. पोच आली की सगळे एकदम सुटतात. हुकूम रांगेत कधी शिरला त्यावर शून्य ते २०० मिलिसेकंद. तुमचा सपाट पसारा हाच. नवीन संगणक आणलात तरी हेच होणार, कारण कोणीच हळू नाही. दोघं एकमेकांची वाट बघतायत.

उपाय एका ओळीचा. मॅटलॅबच्या टीसीपी-क्लायंटला ‘एनेबल ट्रान्स्फर डिले’ नावाची सेटिंग आहे, आपोआप चालू असते. कनेक्शन बनवतानाच बंद करा. पायथनवाल्यांनी सॉकेटवर ‘टीसीपी नोडिले’ लावायचं.

‘जिवंत आहे’ मात्र काढू नका. ते पॅकेट बंद केलं तरी उशीर जाईल आणि सोपं वाटेल, पण प्रोग्राम गोठला तर पट्ट्याला सांगणारं कोणी उरणार नाही.

६ सेकंदांचं दुखणं वेगळं. यंत्र सेकंदाला ५० नोंदी पाठवत असणार आणि तुमचा लूप प्रत्येक फेरीत एकच वाचतोय. फेरी २० ऐवजी २०.२ मिलिसेकंद घेत असेल तर शंभरात एक नोंद मागे राहते. ६०० सेकंदांत ६ सेकंदांची थकबाकी. प्रत्येक फेरीत बफरमध्ये (न वाचलेल्या नोंदी साठतात तिथे) असेल तेवढं सगळं वाचा, शेवटची नोंद ठेवा.

संध्याकाळची_ओपीडी

मीही फिजिओ, पुण्यात. आधी काही वर्षं एका गेट लॅबमध्ये (चालण्याचा अभ्यास करणाऱ्या) होते, म्हणून दोन शब्द.

ताई, तुमच्या उशिराचे दोन भाग आहेत. एक बदलता, तो दादांनी पकडला. दुसरा स्थिर, तो फिल्टरचा. मार्करला ६ हर्ट्‌झ चालतो कारण तिथे आपण नंतर, एकदा पुढून आणि एकदा मागून फिल्टर लावतो आणि उशीर कटून जातो. चालू प्रयोगात मागून लावायला पुढचा डेटा आलेलाच नसतो. दुसऱ्या ऑर्डरचा ६ हर्ट्‌झचा बटरवर्थ एकटाच जवळजवळ ३७ मिलिसेकंद खातो. ५० हर्ट्‌झ करा, साडेचारवर येईल. पट्ट्याच्या मोटरची थरथर मग जास्त दिसेल, तर टाच ओळखायची पातळी नेहमीच्या २० न्यूटनवर असेल तर ४०-५० वर न्या. साठ किलोच्या माणसाचं वजन जवळपास ५९० न्यूटन भरतं आणि टाच टेकताना तो भार इतका झपाट्याने चढतो की २० काय, ५० काय, फरक काही मिलिसेकंदांचा. खोटे ट्रिगर मात्र थांबतात. आणि प्रत्येक माणसाआधी पट्टा रिकामा असताना प्लेट शून्यावर आणा.

मोजणीत एक चकवा आहे. टाच टेकते तेव्हा पाय पट्ट्याला ब्रेक लावतो, पट्टा आपोआप किंचित मंदावतो आणि मोटर त्याला परत वेगावर आणते. पट्ट्याचा वेग स्थिर असेल तरच ट्रेडमिलवरचं चालणं यांत्रिकदृष्ट्या जमिनीवरच्या चालण्यासारखं, हे व्हान इंगेन शेनाऊ या संशोधकांनी १९८० मध्येच मांडलंय. प्रत्यक्षात तो पूर्ण स्थिर नसतो. तेव्हा मार्करवरून ‘पट्टा मंदावू लागला’ ठरवताना ही नेहमीची खळगी घसरण म्हणून मोजू नका. घसरवलेलं नाही अशी वीस पावलं घ्या, त्यांत वेग किती खाली येतो ते बघा आणि त्याच्या खाली गेला तरच सुरुवात धरा.

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं मात्र हे. पहिली घसरण एकदाच मिळते. दुसऱ्या-तिसऱ्या वेळेपासून शरीर शिकायला लागतं. पाऊल जरा सपाट पडतं, शरीराचा भार पुढे सरकतो. पाय (हे आडनाव) आणि भट्ट या संशोधकांच्या २०१४ च्या अभ्यासात (ट्रेडमिल नव्हती, सरकत्या फळ्यांची वाट होती) वयस्कर लोकांना एकाच बैठकीत २४ वेळा घसरवलं आणि पुढच्या वर्षात त्यांचं पडणं जवळपास निम्म्यावर आलं. शरीर इतकं शिकतं आणि इतकं लक्षात ठेवतं. म्हणून वयस्कर माणसाची पहिली घसरण चुकीच्या क्षणी झाली तर ती गेली. तोच माणूस पुन्हा बोलावून उपयोग नाही. आधी लॅबच्या पोरांवर सगळं पक्कं करा, मग आजी-आजोबांना बोलवा.

मोटरचा आवाजही सांगून जातो, बरं का. आमच्याकडे एक आजोबा आवाज बदलला की आधीच पाय घट्ट करायचे. विचारलं तर म्हणाले, “अगं, गिरणीत तीस वर्षं काढली, मोटर काय करणार ते मला कळतं.” तेव्हापासून आम्ही हेडफोन आणि सतत एकसारखा खर्र आवाज देतो. कितवं पाऊल तेही प्रत्येकाला वेगळं ठेवा.

पायवाट_कोल्हापूर

दोघांचे मनापासून आभार. चार दिवसांनी लिहितेय कारण आधी मोजून बघायचं होतं.

ट्रान्स्फर डिले बंद केला, बाकी काहीही न बदलता पुन्हा ४० वेळा. ७१ ते ८४ मिलिसेकंद, चाळीसच्या चाळीस. मी तो आलेख बघून खुर्चीतून उठले, शेजारच्या खोलीतून आमच्या तंत्रज्ञाला बोलावून आणलं आणि त्याला दाखवला. मग फिल्टर ५० हर्ट्‌झ, पातळी ४५ न्यूटन, पुन्हा ४०: आता ३८ ते ५०. उरलेला बारा मिलिसेकंदांचा पसारा बहुतेक कॅमेऱ्याच्या फ्रेमचा आणि माझ्या लूपचा, कारण मी फोर्स प्लेटच्या नोंदी दहा-दहाच्या गठ्ठ्यात वाचते.

ओपीडीताई, खळगीचं तुमचं अगदी बरोबर निघालं. उजवी टाच टेकली की आमचा पट्टाही थोडा वेळ मंदावतो, आणि जड माणूस असेल तर जास्त. माझ्या जुन्या मोजणीत दोन ठिकाणी मी तीच सुरुवात म्हणून धरली होती. ते दोन्ही आकडे ७० ते ११० च्या रकान्यात होते.

वेग परत वाचायचं आता सगळा बफर रिकामा करून करते. दहा मिनिटांनी फरक दिसत नाही.

एक नुकसान सांगते. आधीच सहा वयस्कर लोकांवर पायलट केलं होतं. त्यांची पहिली घसरण कोणत्या क्षणी झाली ते टेपच्या खुणांवरून काढलं: चौघांची डावा पाय उचलल्यानंतर, दोघांची आधी. त्या सहा जणांचा पहिल्या घसरणीचा डेटा मी वापरणार नाहीये. त्यांतल्या एका ७१ वर्षांच्या बाईंना फोन करून सांगितलं, कारण त्यांनी दोनदा विचारलं होतं की माझं उपयोगी पडलं का. खोटं सांगावंसं वाटलं नाही. म्हटलं, तुमच्या पहिल्या फेरीमुळेच आम्हाला यंत्रातली चूक दिसली, पण ती फेरी निष्कर्षात येणार नाही. त्या म्हणाल्या, मग माझ्या धाकट्या बहिणीला पाठवते, तिला अजून काहीच सांगितलेलं नाही.

भोसरी_ड्राइव्हवाला

बारा मिलिसेकंदांचाही पिच्छा करायचा असेल तर गठ्ठा दहाचा दोन करून बघा, पण संगणकावर ताण येतोय का तेही बघा. आणि आता हुकूम लवकर पोचतोय, तर ‘जिवंत आहे’ खरंच काम करतं का ते पुन्हा तपासा. पट्टा रिकामा ठेवून नेटवर्कची केबल ओढा आणि घड्याळ लावा.

पायवाट_कोल्हापूर

केलं दादा, आज सकाळीच. १.२ वर पट्टा चालू, केबल ओढली. अर्ध्या सेकंदाने पट्टे उतरायला लागले, तीन सेकंदांत पूर्ण थांबले. पाच वेळा केलं, पाचही वेळा तसंच. आता प्रत्येक सत्राआधीच्या तपासणीच्या कागदावर ही ओळ घातलीय, हार्नेसच्या स्विचच्या खालोखाल.

पुढे कोणी हा धागा शोधत आलं तर: आधी तुमच्या उशिराचे आकडे रकान्यांत मांडून बघा. सपाट आहेत का, आणि रुंदी २०० च्या जवळ आहे का.